पगडी गर्दीत लपत नाही

मी तुमची बचत गटाची ताई बोलतेय. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज, पापडाची ऑर्डर असं काहीबाही बोलते. आज विषय वेगळा आहे. आज मला माझी स्वतःचीच एक चूक सांगायची आहे, आणि त्या चुकीतून जे कळलं तेही सांगायचं आहे.

आपलं नांदेड म्हणजे गोदाकाठचं गाव. सकाळी स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांत निम्म्या पगड्या दिसतात. निळ्या, केशरी, काळ्या, पांढऱ्या. त्या बघत बघतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. पण रोज दिसतं ते आपल्याला कळलेलं असतं असं नाही. मी बी.ए. झाले, दहा वर्षं वस्त्या-वस्त्यांतून फिरतेय, तरी त्या पगडीच्या आत काय बांधलेलं असतं ते मला अलीकडेच समजलं.

झालं असं. आमच्या एका गटाची बैठक होती, मंगळवारची. बचत गोळा झाली, हप्ते झाले, वही लिहून झाली. चहा येईपर्यंत गप्पा सुरू होत्या. एका मावशींनी सरदारजींवरचा एक विनोद सांगितला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलेले असतात तसलाच, बारा वाजल्याचा. सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि त्याच खोलीत, भिंतीला टेकून, आमच्या कौरताई पैसे मोजत होत्या. त्यांचं पूर्ण नाव मी सांगत नाही, गटात सगळ्या त्यांना कौरताईच म्हणतात. त्यांनी मान वर केली नाही. नोटा मोजून झाल्यावर म्हणाल्या, “हिशोब बरोबर आहे ताई, एकदा बघून घ्या.” आणि चहा न घेता गेल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. मुलीच्या हाती बचत पाठवली. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा मुलगीच आली. दोन वर्षांत ज्यांचा एक खाडा नाही, त्यांचे लागोपाठ दोन खाडे झाले. मग मात्र मला झोप लागेना. मी त्यांच्या घरी गेले.

कौरताईंचं काम पिको-फॉलचं. पण त्यांच्याकडे जास्त येतं ते पगडीचं कापड. पगडीचं मलमलीसारखं पातळ कापड मधोमध कापून, दोन पट्ट्या लांबीत जोडून रुंदी वाढवतात. त्या जोडाची शिवण बारीक लागते, नाहीतर बांधल्यावर ती कपाळावर दिसते. ह्या कामासाठीच त्यांनी गटातून मशीनचं कर्ज घेतलं होतं. मी गेले तेव्हा मशीन बंद होती आणि सोळा वर्षांचा त्यांचा मुलगा समोर पगडी बांधायच्या तयारीत होता. कापडाचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं खिडकीच्या गजाला बांधलेलं. ताण देऊन कापडाच्या घड्या घालायच्या असतात, तिला ते ‘पूनी’ म्हणतात. दोन माणसं लागतात त्याला. मी म्हटलं, “अरे, आई आहे ना घरात?” तो काही बोलला नाही. कौरताई आतून म्हणाल्या, “आमचं बोलणं बंद आहे सध्या.”

मी गजाचं टोक सोडून हातात धरलं. पाच-सहा मीटर कापड, त्या टोकाला पोरगा, ह्या टोकाला मी. घडी घालत घालत तो जवळ येत गेला. आणि मग दोघांकडूनही हकिगत कळली.

हा आणि त्याचे तीन मित्र एका भजीच्या गाडीवर खायला गेले होते. चौघांनी चार प्लेट खाल्ल्या. गर्दी होती. एकाच्या डोक्यात आलं, पळू या. चौघंही पळाले. गंमत म्हणून. तीन पोरं गर्दीत मिसळून गेली. भजीवाल्या काकांनी मागून एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे पगडी. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्याच कुणीतरी कौरताईंना गाठलं, “तुमचा मुलगा भजीचे पैसे बुडवून पळाला म्हणे.”

कौरताईंनी त्याला हाताला धरून गाडीवर नेलं. एकशे वीस रुपये झाले होते, चौघांचे मिळून. त्याच्या साठवलेल्या पैशातून त्याला चौघांचेही द्यायला लावले. काका पैसे घेईनात. म्हणाले, “पैशाचं जाऊ द्या हो. पण सरदाराचं पोरगं असं करील असं वाटलं नव्हतं.” त्यावर पोराने विचारलं, “मग बाकीच्या तिघांबद्दल असं काही वाटलं नव्हतं का?” काका म्हणाले, “वाटलं असतं की. पण त्यांना शोधू कुठं?”

घरी आल्यावर पोरगा म्हणाला, “पळालो चौघं, सापडलो मी एकटा. शाळेत बारा वाजले म्हणून चिडवतात तेही मलाच. उद्या केस कापून येतो. मग मीही चारातला एक.”

हे सगळं घडलं ते आमच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, सोमवारी. आणि मंगळवारी आम्ही हसलो. आता तुम्हीच सांगा, मला कसं वाटलं असेल.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी तिथे तासभर बसले. मग घरी येऊन वाचलं, गुरुद्वाऱ्यातल्या जाणत्या माणसांनाही विचारलं. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

शिखांचे नववे गुरू तेग बहादूर यांचा १६७५ साली दिल्लीत, चांदणी चौकात शिरच्छेद झाला. परंपरेत असं सांगतात की त्या दिवशी गर्दीत त्यांना मानणारे होते, पण भीतीनं कुणी ओळख दिली नाही. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली बैसाखीच्या दिवशी आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हा असं रूप दिलं की माणसाला गर्दीत लपताच येऊ नये. केस, कंगवा, कडं, कच्छा आणि कृपाण ह्या पाच खुणा. पगडी ह्या पाचात मोजत नाहीत. ती आहे न कापलेल्या केसांची राखण. पण लांबून पहिली दिसते ती तीच.

अजून एक लक्षात घ्या. त्या काळी डोक्याला भरजरी पगडी म्हणजे दरबारी, सरदार, बड्या लोकांचा मान. गुरूंनी ती सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली. पहिले जे पाच जण पुढे आले, ते कोण होते? दयासिंग लाहोरचे, धरमसिंग हस्तिनापूरचे, हिंमतसिंग जगन्नाथपुरीचे, मोहकमसिंग द्वारकेचे, आणि साहिबसिंग आपल्या शेजारच्या बिदरचे. परंपरेत त्यांचे व्यवसायही सांगतात. कुणी शेतकरी, कुणी पाणी वाहणारा, कुणी कापड छापणारा. बिदरचे साहिबसिंग हे मूळचे न्हावी. ज्याच्या हातात पिढ्यान् पिढ्या वस्तरा, त्यानंच केस न कापण्याचं व्रत घेतलं. सगळ्या पुरुषांना एकच नाव मिळालं, सिंग. सगळ्या बायकांना कौर. म्हणजे आडनावावरून जात विचारायची सोयच नको.

बायकांचंही सांगते, कारण आपला कार्यक्रम बायकांचा आहे. माई भागो नावाची स्त्री पंजाबात मुक्तसरच्या लढाईत गुरू सोडून गेलेल्या चाळीस जणांना परत घेऊन उभी राहिली. पुढे ती गुरूंबरोबर आपल्या नांदेडला आली. हजूर साहिबच्या आवारात तिच्या नावाचा बुंगा आहे. गोदाकाठी माता साहिब कौर यांचा गुरुद्वारा आहे, त्यांना खालशाची माता म्हणतात. कितीदा त्या बाजूनं आपण गेलो असू, पण कुणाचं नाव आहे हे विचारलं नाही. काही शीख बायका स्वतःही पगडी बांधतात, बाकीच्या ओढणी घेतात.

आणि गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला तो इथे, ऑक्टोबर १७०८ मध्ये. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हेही इथेच ठरलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेव महाराजांची एकसष्ट पदं आहेत. नरसी नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यात, आणि पंजाबातलं घुमान हेही नामदेवांचं गाव मानतात. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. तेव्हा पगडीवाला माणूस आपल्याला परका नाही. आपल्या शिंप्याच्या पोराचे शब्द त्याच्या गुरूच्या ग्रंथात आहेत.

आता वागणुकीचं. ज्यांनी अमृत घेतलं, त्यांना चार गोष्टी कडक मना आहेत. केस कापणं, तंबाखू, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, आणि हलाल पद्धतीचं मांस. सगळ्याच शिखांनी अमृत घेतलेलं असतं असं नाही. केस कापलेली माणसंही स्वतःला शीखच म्हणवतात, कौरताईंच्या नात्यातही आहेत, आणि एका पंगतीला जेवतात. पण ज्यानं पगडी बांधली, त्याच्याकडून लोक जास्त धरतात. कौरताई म्हणाल्या, “आमचे हे नुसते चहाला म्हणून पानटपरीपाशी उभे राहिले तरी दोन माणसं वळून बघतात. बिनपगडीच्या माणसाला तिथे उभं राहून कोण बघतं?”

हे ऐकलं आणि मला माझे आजोबा आठवले. आमचे आजोबा माळकरी. बाजारात एकदा किराणावाल्यानं दहाच्या ऐवजी पन्नासची नोट परत दिली. आम्ही अर्ध्या वाटेत आलो होतो, ऊन मरणाचं. आजोबा माघारी फिरले. मी कुरकुरले तर गळ्याला हात लावून म्हणाले, “माळ आहे ना.” एवढंच. गावात दुसरा कुणी दारू पिऊन पडला तर लोक म्हणत, पडला. माळकरी पडला तर म्हणत, “माळ घालून असं?” माळेचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मग पगडीचा का लागावा?

पण मैत्रिणींनो, इथे एक बारीक गाठ आहे, ती नीट सोडवायला हवी. आजोबांनी जे केलं ते स्वतः घेतलेलं वचन होतं. माणसानं आपल्या खुणेला जागणं ही चांगलीच गोष्ट. पण एकाच्या चुकीवरून त्या खुणेच्या सगळ्यांना धरणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती वाईट आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. हत्या करणारे दोघं. त्यानंतर दिल्लीत आणि इतर ठिकाणी हजारो निरपराध शीख मारले गेले. जमावाला माणूस ओळखायला पगडी पुरली. जीव वाचवायला कितीजणांनी केस कापले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण कौरताईंच्या घरात अजून त्या दिवसांविषयी आवाज खाली करून बोलतात. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत विमानांचे हल्ले झाले, त्यानंतर चारच दिवसांनी तिथे बलबीरसिंग सोधी नावाच्या पेट्रोलपंपवाल्याला गोळी घातली. का, तर डोक्याला पगडी होती. ज्या खुणेमुळे अडल्या माणसानं ओळखून मदत मागावी, तीच खूण जीवावर बेतते, ती बघणाऱ्याच्या नजरेमुळे.

आपल्याला हे नवीन आहे का? आपल्या गटातली एक बाई हप्ता थकवते. कारण काहीही असो, नवऱ्याचं आजारपण असो, पोराची फी असो. बँकेतला एखादा साहेब काय म्हणतो? “बायकांच्या गटांना कर्ज द्यायचं म्हणजे असंच.” पुरुषानं थकवलं तर तो माणूस थकबाकीदार. बाईनं थकवलं तर बायका थकबाकीदार. आपण ह्याच्यावर किती चिडतो! आणि तीच आपण, चहाच्या कपाबरोबर, एका माणसाचा विनोद सगळ्या पगड्यांना लावून हसतो.

त्या दिवशी मी कौरताईंना विचारलं, “मग चौघांचे पैसे याच्याकडून का भरून घेतले? हा अन्याय नाही का झाला?” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “न्याय म्हणून नाही भरायला लावले ताई. बाकीचे तिघं परत जाणार नव्हते. कुणीतरी जायला हवं होतं. ज्याला ओळखलं, त्यानं जावं.” मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, “केस कापायचे का, ते मोठा झाल्यावर त्याचं तो बघेल. मला वाईट वाटेल, मी रडेन. पण घराबाहेर नाही काढणार. फक्त लपायला म्हणून कापू नये. लपायला म्हणून केलेलं काहीच चांगलं नसतं.”

पोरगा आरशासमोर होता. शेवटचा पदर खोचला, सळईनं कानाजवळचे केस आत सारले आणि न बोलता शाळेत गेला. मला वाटतं, आई त्याच्याशी आठवड्यात पहिल्यांदाच बोलली होती, माझ्या आडून का होईना.

पुढच्या मंगळवारी कौरताई बैठकीला आल्या. बचत गोळा करायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “त्या दिवशी मी हसले, ते चुकलं. कौरताई, माफ करा.” मावशी जरा घुश्शातच होत्या. म्हणाल्या, “मग आम्ही हसायचंच नाही का?” कौरताई म्हणाल्या, “हसा की मावशी. माझ्यावर हसा, माझी मशीन मध्येच बंद पडते तिच्यावर हसा. पगडीवर नका हसू. माझं पोरगं रोज ती बांधून रस्त्यानं एकटं जातं.”

मावशी काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी एक पाहिलं. मावशींना मिश्रीची सवय. कौरताईंच्या शेजारी बसायच्या आधी त्या डबी पिशवीत घालतात आणि पिशवी लांब ठेवतात. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच बैठकीत एकीनं हेल्मेटचं विचारलं, की आपल्या नवऱ्यांना दंड होतो, सरदारजींना का नाही? तर बायांनो, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच ही सूट लिहिलेली आहे. पगडी बांधलेल्या शिखाला दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नाही. आणि राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये कृपाण बाळगणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. ही काही वशिल्याची सवलत नाही. यावर कौरताई काय म्हणाल्या माहीत आहे? “सूट आहे म्हणून पोराला म्हणते, गाडी अजून हळू चालव. डोकं तेच आहे.”

आता जाता जाता चार साध्या गोष्टी सांगते. कुणाच्याही पगडीला गमतीनं हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. आपल्याकडेही भर चौकात कुणाचं पागोटं उडवणं म्हणजे अब्रू घेणंच की. गुरुद्वाऱ्यात जाताना डोक्यावर पदर घ्या, चपला बाहेर ठेवा, पिशवीत तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर तो आत नेऊ नका. तिथे लंगरला जात-पात न विचारता सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात. नुसत्या जेवून येऊ नका, घटकाभर पोळ्या लाटायला बसा. कुणीही बसू शकतं. आणि शाळेत कुणा पोराला पगडीवरून, माळेवरून, टोपीवरून, हिजाबावरून चिडवतात असं कानावर आलं, तर आपल्या पोराला जवळ घेऊन विचारा, “तू तर नाहीस ना त्यात?” हे विचारायला लाज वाटते, पण विचारा.

आमच्या गटाच्या वहीत आता एक ठराव आहे. बैठकीत कुणाच्या जाती-धर्मावरून विनोद होणार नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत, मावशींचा अंगठाही आहे. कौरताईंचं कर्ज फिटत आलंय. त्यांच्या मुलाची दहावी झाली, तो आता आयटीआयला जातो. पगडी अजून आहे. पुढे असेल का, ते त्याचं तो ठरवेल. भजीवाल्या काकांच्या गाडीवर तो अधूनमधून जातो. पैसे आधी देतो, मग खातो. काका म्हणतात, “अरे, तू नंतर दे रे.” तो म्हणतो, “नको काका, आधीच घ्या.”

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या मंगळवारी आपापल्या गटात ह्याच्यावर बोला. तुमच्याही गटात कुणी कौरताई असतील, दुसऱ्या नावाच्या, भिंतीला टेकून पैसे मोजणाऱ्या. हसण्याआधी एकदा तिच्याकडे बघा. पुढच्या वेळी मी पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे येणार आहे, कर्जाच्या नोंदवहीकडे. तोवर बचत चुकवू नका.